दहा मैलांच्या आत

गेल्या रविवारी आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी मुलगी आपल्या आईला घेऊन घरी आली. तिला केंब्रिज विद्यापीठात एम.फिल.साठी प्रवेश मिळाला आहे आणि सप्टेंबरच्या अखेरीस ती निघणार आहे. काही वर्षांपूर्वी मी त्याच विद्यापीठात त्याच पदवीसाठी एक वर्ष राहून आले असल्यामुळे दोघी प्रश्नांचा कागदच घेऊन आल्या होत्या. बँकेचे खाते, गरम कपडे, कुकर न्यावा की न्यावा नाही, अशी सगळी चौकशी झाल्यावर काकूंनी विचारले, "हिची खोली विद्यापीठापासून किती लांब असेल गं?" त्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच स्टेशन, रिक्षाची रांग आणि रात्री उशिरा घरी येणारी मुलगी उभी होती. मी म्हणाले, "काकू, तिथे लांब राहायची परवानगीच नसते." दोघींनाही ते खरे वाटेना. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आले की त्या वर्षाबद्दल मला जे काही सांगायचे आहे, ते बहुतेक सगळे या एका नियमात सामावलेले आहे; म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

केंब्रिजची पदवी मिळवायची तर परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नसते, ठरावीक सत्रे त्या गावात राहावेही लागते. गावाच्या मध्यभागी ग्रेट सेंट मेरीज नावाचे विद्यापीठाचे चर्च आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने त्या चर्चपासून ३ मैलांच्या आत आणि आमच्यासारख्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १० मैलांच्या आत राहायचे, असा नियम आहे. प्रवेशाच्या कागदपत्रांत मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो जुन्या काळातून चुकून उरलेला वाटला होता. शिकायला आलेला माणूस रात्री कुठे झोपतो, याच्याशी विद्यापीठाला काय करायचे आहे, असे मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटले होते.

असे वाटण्याला कारणही होते. मी ठाण्यात वाढले आणि दक्षिण मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकले. पाच वर्षे सकाळची फास्ट गाडी पकडायची, महिलांच्या डब्यात मिळाली तर चौथी सीट, नाहीतर एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातातल्या झेरॉक्सच्या कागदांवर नजर फिरवायची, आणि तास संपले की गर्दी वाढायच्या आत परतीची गाडी गाठायची, हे माझे शिक्षण होते. आमच्या प्राध्यापकांनाही कोणाला विरार तर कोणाला कल्याण गाठायचे असे. तास संपल्यावर एखादी शंका विचारायला गेले, तर ते बॅगेची चेन लावता लावता उत्तर देत आणि आम्ही जिना उतरता उतरता ते ऐकून घेत असू. त्यांचा यात दोष नव्हता आणि आमचाही नव्हता. शिकण्याची जागा आणि राहण्याची जागा यांच्यामध्ये ३४ किलोमीटरचा रूळ होता, आणि तो रूळ दिवसातले अडीच-तीन तास खाऊन टाकत असे.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून तासाभरात गाडी केंब्रिजला पोहोचते. दोन्ही बाजूंना सपाट शेते, कुठेही डोंगर नाही. येऊरच्या डोंगराकडे पाहून दिशा ओळखणाऱ्या मला पहिले काही दिवस त्या गावात उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे हेच कळत नव्हते. त्या गावात रेल्वे आली १८४५ साली. आपल्याकडची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे अवघ्या आठ वर्षांनी. जे विद्यापीठ १२०९ पासून आपला इतिहास मोजते, त्याच्या गावातली रेल्वे आमच्या ठाण्याच्या रेल्वेहून जेमतेम आठ वर्षांनी मोठी आहे, हे कळल्यावर परक्या ठिकाणी एक ओळखीचा धागा हाती आल्यासारखे वाटले.

'कॉलेज' या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा होतो, म्हणून तेही सांगते. तिथे व्याख्याने, परीक्षा आणि पदवी हे काम विद्यापीठाचे, तर खोली, जेवण आणि एकूण पालकत्व हे काम कॉलेजचे. अशी ३१ कॉलेजे आहेत, त्यांतले सर्वांत जुने पीटरहाउस हे १२८४ सालचे. तुमचा विषय कोणताही असो, कॉलेजात तुमच्या शेजारच्या खोलीत गणितवाला असतो, त्याच्या पलीकडे लॅटिनवाली आणि समोर जनुकशास्त्रावर काम करणारा कोणीतरी. प्रवेशद्वाराशी पोर्टर, म्हणजे कॉलेजचे द्वारपाल, बसतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी मला माझे पत्रांचे खण दाखवले, किल्ली कशी फिरवायची ते दाखवले आणि सायकलवर रंगवायचा नोंदणी क्रमांक दिला. त्यानंतर वर्षभर ते मला नावाने हाक मारत.

आता मुख्य गोष्ट सांगते. माझा प्रबंध ठाणे जिल्ह्यातल्या १९व्या शतकातल्या मिठागरांवर होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १३वा खंड, म्हणजे १८८२ सालचा ठाण्याचा खंड, पानापानाने वाचला. हे ग्रंथालय १९३४ साली उघडलेल्या इमारतीत आहे आणि त्याचा उंच चौकोनी मनोरा गावात कुठूनही दिसतो. बरीचशी पुस्तके वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन काढायची असतात. कपाटांच्या दोन रांगांमधला दिवा फिरवायच्या खटक्यावर लागतो आणि ठरावीक मिनिटांनी आपोआप विझतो, त्यामुळे पुस्तक शोधताना मध्येच अंधार झाला की चाचपडत टोकाशी जाऊन खटका पुन्हा फिरवावा लागतो. अशाच एका रांगेत, खिडकीबाहेर पानगळ चालू असताना, मी आपल्या खाडीचे, भाईंदरचे आणि उरणचे उल्लेख बोटाने ओळ धरून वाचले. घरापासून इतक्या लांब येऊन आपल्याच गावाबद्दल वाचते आहे, याचे मला वाईट वाटले नाही. ठाण्यातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३ पासून चालू आहे, मी शाळेत असताना वाचायला बसायची तीच सवय मी इथे घेऊन आले आहे, एवढेच मनात आले.

पहिले वीस पानी टिपण मी मार्गदर्शक बाईंना दिले आणि आठवड्याने त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चहा केला, कागद समोर ठेवला आणि दुसऱ्या पानावरच्या एका वाक्यावर पेन्सिल टेकवून विचारले की, हे तुम्हाला कशावरून कळले. मी म्हणाले, गॅझेटियरमध्ये आहे. त्या म्हणाल्या, तो अधिकाऱ्यांचा शब्द झाला. आगरात काम करणारे लोक या गोष्टीला काय म्हणत होते? प्रश्न बांधातल्या त्या वाटेबद्दल होता, जिच्यातून भरतीचे पाणी आत-बाहेर करतात. माझ्या टिपणात तिच्यासाठी सगळीकडे 'स्लुइस' हाच इंग्रजी शब्द होता. मी ठाण्याची, माझी मातृभाषा मराठी, आणि माझ्याच खाडीवरच्या गोष्टीचा मराठी शब्द माझ्या प्रबंधात नव्हता. बाई रागावल्या नाहीत, पण तो तास मी विसरू शकत नाही.

त्या रात्री मी बाबांना फोन केला. बाळकूमला त्यांचे एक आगरी मित्र आहेत, ज्यांचे लहानपण मिठागरावर गेले. दुसऱ्या दिवशी बाबा त्यांच्याकडे जाऊन बसले आणि मला तिथूनच फोन लावून दिला. काका म्हणाले, "अगो पोरी, ती उघाडी. तिला उघाडीच म्हणतात." मग ते अर्धा तास बोलत राहिले. पावसाळा सरला की बांध कसे बुजवायचे, उधाणाचे पाणी कधी आत घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात आटवत कसे न्यायचे, पहिला पाऊस येण्याआधी मीठ कसे उचलायचे, हे सगळे त्यांनी सांगितले. आगर या शब्दावरूनच आगरी हे नाव आले असे आपल्याकडे सांगतात, हे मला माहीत होते. पण त्या आगरातला दिवस कसा जातो ते मला त्या अर्ध्या तासात कळले.

आणि प्रबंधाला खरे वळण मिळाले ते जेवणाच्या टेबलावर. कॉलेजच्या भोजनगृहात आठवड्यातून काही संध्याकाळी सगळे काळे गाउन घालून जेवायला बसतात, सुरुवातीला लॅटिनमधून प्रार्थना म्हटली जाते, आणि कोणाच्या शेजारी कोण बसेल हे ठरलेले नसते. एकदा माझ्या शेजारी अभियांत्रिकीत पीएच.डी. करणारी एक मुलगी आली, जिचे घर केंब्रिजच्या उत्तरेला फेन्स म्हणतात त्या भागातल्या खेड्यात होते. तो सगळा मूळचा दलदलीचा प्रदेश. १७व्या शतकात व्हर्माउडन नावाच्या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली तिथे सरळ कालवे खणले गेले आणि १६५१ साली डेन्व्हर इथे भरतीचे पाणी अडवणारे दरवाजे बसवले गेले. जमीन शेतीखाली आली, पण पाणी निघून गेल्यावर खालची कुजट माती सुकून खचत गेली. होम फेन नावाच्या ठिकाणी १९व्या शतकाच्या मध्यावर जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर बाहेर दिसतो. हे तिने मला सांगितले ते एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीने घरच्या बांधाबद्दल सांगावे तसे.

मी तिला उघाडीबद्दल सांगितले. तिने समोरची दोन मेन्यूकार्डे घेतली, टेबलावर एकमेकांना टोके टेकवून उभी केली आणि हाताने दाखवले की समुद्राकडून पाणी चढले की त्याच्याच जोराने ही दोन दारे घट्ट मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतात. मी म्हणाले, भातशेतीच्या बांधाला आमच्याकडेही असेच असते. ती म्हणाली, "पण तुझ्या मिठागराला तर समुद्र आत हवा आहे ना?" मी घास हातात धरून तशीच थांबले. शेताला समुद्र बाहेर हवा, आगराला तोच समुद्र आत हवा, पण आपल्या दिवशी आणि आपल्या मापाने. एकाच खाडीच्या काठावर, कधी कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंना, या दोन उलट गरजा नांदत होत्या. महिनाभर वाचूनही हे मला दिसले नव्हते. माझ्या प्रबंधाचे तिसरे प्रकरण त्या टेबलावर सुरू झाले. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी सायकली गाडीत घालून डाउनहॅम मार्केटला उतरलो आणि डेन्व्हरचे दरवाजे पाहून आलो. वारा इतका होता की बोलणे ऐकू येत नव्हते, आणि नदीच्या काठच्या चिखलाला आपल्या खाडीच्या खाजणासारखाच वास होता.

विद्यापीठ सत्रे का मोजते, ते मला तेव्हा समजले. ती मुलगी जेवण झाल्यावर कुठलीही गाडी पकडणार नव्हती, मीही नव्हते. आम्ही जेवणानंतर तासभर बोलत राहिलो आणि नंतर दोघी दोन मिनिटांत आपापल्या खोलीत पोहोचलो. तिथले सत्र फक्त आठ आठवड्यांचे असते, वर्षाला अशी तीन. चोवीस आठवड्यांत इतके काही होऊ शकते, कारण रस्त्यात काहीच वाया जात नाही.

सगळे दिवस असे नव्हते. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो आणि त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. पाऊस आपल्या तुलनेत अगदी कमी, वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे ठाण्याच्या चौथ्या हिश्शालाही कमी. पण ढग मात्र आठवडेच्या आठवडे हलत नाहीत. नोव्हेंबरात माझी सायकल चोरीला गेली. सामायिक स्वयंपाकघरात हिंग-मोहरीची फोडणी केली की धुराची घंटा वाजत असे, म्हणून मी आमटी कच्च्या तेलावर करायला शिकले. मिल रोडवर तूरडाळ, गूळ, कढीपत्ता सगळे मिळते, तेव्हा पिशव्या भरून नेण्याची गरज नाही, हे मी काकूंना पुन्हा पुन्हा सांगितले. श्रीनिवास रामानुजन १९१४ साली ट्रिनिटी कॉलेजात आले, ते महायुद्धाच्या दिवसांत आपले शाकाहारी जेवण स्वतःच्या हाताने खोलीत शिजवत आणि पुढे फार आजारी पडले. ट्रिनिटीवरून जाताना मला त्यांचे गणित कधी आठवले नाही, कारण ते मला समजत नाही. त्यांची ती एकट्याची चूल आठवत असे. ज्या मुलांना एकटेपणा जाणवतो त्यांनी तो लगेच कोणाजवळ तरी बोलावा, पोर्टरजवळ, ट्यूटरजवळ, कोणाजवळही. मी जानेवारीपर्यंत बोलले नाही, ते चुकले.

खर्चाबद्दल थोडक्यात लिहिते. मला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी गेले. ती नसती तर एका वर्षासाठी राहते घर गहाण टाकायला मी बाबांना सांगितले नसते, आणि माझे हे मत आजही कायम आहे.

विद्यापीठ जिथे पदव्या देते त्या सिनेट हाउस या इमारतीबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण तिथून मी रोज सायकलने जात असे. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे, सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी, गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. 'रँग्लर' हा शब्द त्यानंतर महाराष्ट्रात इतका रुळला की तो त्यांच्या नावाचाच भाग झाला. लहानपणी आमच्या घरात हुशार मुलाला "काय रे, रँग्लर होणार का?" असे विचारत, मुलींना विचारलेले मला आठवत नाही. परांजपे तिथे शिकत असतानाच, १८९७ साली, स्त्रियांना पदवी द्यावी की नाही यावर सिनेट हाउसमध्ये मतदान झाले. बाहेर जमलेल्या विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा समोरच्या इमारतीवर टांगला होता आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. पुढे त्यांची मुलगी शकुंतला परांजपे न्यूनहॅम कॉलेजात जाऊन गणितच शिकल्या. तोवर स्त्रियांना नावापुरती पदवी मिळू लागली होती, पण विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व नव्हते. ते केंब्रिजने स्त्रियांना दिले १९४८ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाल्यावर. वडिलांनी ज्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला तीच परीक्षा मुलीने दिली, आणि तरीही विद्यापीठाच्या लेखी दोघांची पायरी सारखी नव्हती. हे वाचल्यानंतर त्या इमारतीसमोरून सायकल चालवत जाणे मला साधी गोष्ट वाटत नसे.

पदवीच्या दिवशी तिथे आम्हांला चौघाचौघांनी पुढे नेले. कॉलेजचे प्रतिनिधी आपला उजवा हात पुढे करतात आणि चौघांनी त्यांचे एकेक बोट धरायचे असते, लहान मूल जत्रेत बोट धरते तसे. मग एकेकाने कुलगुरूंसमोर गुडघे टेकून दोन्ही तळवे जोडायचे, कुलगुरू ते आपल्या हातांत घेतात आणि लॅटिनमध्ये काही शब्द उच्चारतात. जोडलेले हात आमच्या सवयीचेच होते, त्यामुळे मला त्यात परके काही वाटले नाही. आई-बाबा गॅलरीत होते. मला त्या क्षणी बाळकूमचे काका आठवले, कारण प्रबंधाच्या आभारात सर्वांत वर त्यांचे नाव आहे, आणि 'उघाडी' हा शब्द आतमध्ये साठाहून अधिक वेळा आला आहे.

हे सगळे त्या दिवशी मी मुलीला सांगितले नाही. इतका वेळ नव्हता आणि काकूंना कुकरचा निर्णय हवा होता. लहान कुकर न्यावा, असे ठरले. निघताना मी कपाटातून सायकलचे दोन छोटे दिवे काढून तिला दिले, पुढचा पांढरा आणि मागचा लाल. तिथे अंधार पडल्यावर त्यांच्याविना सायकल चालवणे कायद्याने मना आहे, आणि अंधार लवकर पडतो. ते अजून चालतात का हे पाहायला तिने जिन्यातला बल्ब बंद केला, लाल दिवा लावला आणि तो हातात धरून दोघी मायलेकी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून गेल्या.